डोंबिवली पुरवणी

फॉरेन्सिक सायन्सच्या मास्टर्ससाठी मी ग्लासगोला निघाले, तेव्हा आमच्या सोसायटीला त्यातलं 'फॉरेन' एवढंच नीट कळलं होतं. पुढच्या 'सिक'वरून तळमजल्यावरच्या काकूंनी सर्दीतापाच्या गोळ्या आणून दिल्या. ज्यांनी 'सीआयडी' मालिका भक्तिभावाने पाहिली होती, त्यांनी माझं नाव 'लेडी साळुंखे' ठेवलं. बाबा म्हणाले, "कलिन्याला सरकारी प्रयोगशाळा आहे की, लोकलने जाता येतं." आजीला तर मूळ मुद्दाच पटेना. "मढी तपासायला इतक्या लांब कशाला गं? इथे काय तोटा आहे?"

बॅग आईने भरली. मेतकूट, गोडा मसाला, लसणीची चटणी. प्रत्येक बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबरं, आणि वरून वर्तमानपत्राची डोंबिवली पुरवणी. मुख्य अंक मिळाला नाही, कारण त्यातलं शब्दकोडं बाबांचं अर्धं राहिलं होतं. उतरल्यावर कस्टम्सच्या माणसाने मेतकुटाची पिशवी उजेडात धरली आणि काय शिकायला आलीस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तेवढ्याने त्याचा चेहरा बदललाच होता. त्यात मेतकूट इंग्रजीत समजावताना "भाजलेल्या डाळींची पिवळी पूड, आजारी माणसाला देतात" असं काहीतरी तोंडून गेलं, आणि मग त्याने बाकीच्याही बरण्या उघडायला लावल्या.

ग्लासगोतली इंग्रजी हा कुठल्याही परीक्षेत न विचारलेला विषय आहे. पहिल्याच दिवशी आमचा लॅब टेक्निशियन मला 'हेन' म्हणाला. चक्क कोंबडी! आपल्याकडे लाडाने 'चिमणे' म्हणतात, तसंच ते, हे मला आठवड्याने कळलं. तेवढ्यात तो पुढे बजावून गेला, "चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये माझा पीस आहे, हात लावू नकोस हं." फॉरेन्सिकचा विभाग, त्यात फ्रिज, आणि फ्रिजमध्ये कुणाचा तरी पीस! दूध आत होतं, म्हणून सकाळभर मी कोरा चहा प्यायले. दुपारी त्याने तो पीस काढला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला. त्यांच्याकडे सँडविचला पीस म्हणतात. चीज होतं आत.

आमच्या शास्त्राचं कुलदैवत म्हणजे एदमाँ लोकार. १९१० साली त्याने फ्रान्समधल्या ल्यों शहरात, कोर्टाच्या पोटमाळ्यावर प्रयोगशाळा थाटली. त्याचं सांगणं असं, की दोन गोष्टी एकमेकींना शिवल्या की एकीचं काहीतरी दुसरीला लागतंच. पांढऱ्या टॉवेलला हळदीचा हात पुसून आईच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला यात नवं काही नाही. मला मात्र त्याचा पडताळा चारचौघांत मिळाला. अंधाऱ्या खोलीत निळा प्रकाश टाकून नारिंगी चष्म्यातून पाहिलं, की एरवी न दिसणारे लाळेबिळेचे डाग चमकतात. सरांनी दिवा फिरवला. नमुन्याच्या चादरीवर तीन फिकट ठिपके दिसले, आणि चादर धरणारी माझी नखं आणि एप्रनची बाही दिवाळीसारखी उजळली. हळदीतलं कर्क्युमिन निळ्या प्रकाशात झकास पिवळंहिरवं चमकतं. स्कॉटलंडच्या कायद्यात गुन्हा शाबीत करायला एकाच पुराव्यावर भागत नाही, जोडीला दुसरा लागतो. म्हणून सरांनी शेजारच्या खोलीतून मॅडमना बोलावलं. दोघांनी गंभीरपणे माझी बाही पाहिली आणि माझ्याच जबानीवरून वहीत नोंद केली: बटाट्याची भाजी.

डोंबिवलीकर कसाऱ्याच्या पुढे गेला की 'मुंबईचा' होतो. मी तर समुद्र ओलांडलेला, त्यामुळे वर्गात ओळख करून देताना मुंबईच सांगितली होती. बाहीच्या प्रकरणानंतर पुढच्याच आठवड्यात सर फळ्याकडून वळले आणि खुशीत मला म्हणाले, "आज तुमच्या गाववाल्याची केस." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

गाववाला म्हणजे डॉ. बक रक्स्टन, मूळचा बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम. मुंबईत जन्मला, मुंबईतच डॉक्टर झाला आणि इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना घालून बसला. १९३५च्या सप्टेंबरात त्याने पत्नी म्हणून सोबत राहणाऱ्या इझाबेलाला आणि मुलांना सांभाळणाऱ्या मेरी रॉजरसनला मारलं. मेरी अवघी वीस वर्षांची होती. इथे विनोद सुचत नाही. ओळख पटू नये म्हणून दोघींच्या देहांचे तुकडे करून त्याने ते स्कॉटलंडात मॉफट गावाजवळच्या घळीत फेकले. ग्लासगोचे ग्लेस्टर आणि एडिंबराचे ब्रॅश यांनी ते जुळवले, इझाबेलाच्या छायाचित्रावर कवटीचं छायाचित्र ठेवून पाहिलं. अळ्यांच्या वयावरून दिवस काढले ते ग्लासगोच्याच डॉ. मर्न्स यांनी. पण डॉक्टरला भोवली ती रद्दी. तुकडे गुंडाळले होते त्यात 'संडे ग्राफिक'चा १५ सप्टेंबरचा अंक निघाला, आणि तो नेमका फक्त लँकेस्टर-मोरकम भागात विकलेल्या खास आवृत्तीचा! शरीरशास्त्रात पक्का असलेला माणूस स्थानिक आवृत्तीला फसला. १९३६च्या मे महिन्यात मँचेस्टरला त्याला फाशी झाली.

त्या रात्री मी चटणीच्या बरणीवरची पुरवणी नीट वाचली. कल्याण-शीळ रस्त्यावरचे खड्डे, एका मंगल कार्यालयाची जाहिरात. मला शोधायला कुणाला अर्धा तासही लागला नसता.

शनिवारी मी बसने मॉफटला गेले. गाव गोड आहे, अगदी शब्दशः, कारण तिथली टॉफी प्रसिद्ध. भर चौकात एक मोठा ब्राँझचा मेंढा उभा आहे, १८७५चा. त्याला कानच नाहीत. शिल्पकार विसरला म्हणतात. दीड महिन्याच्या अभ्यासाने माझी नजर अशी बिघडली होती, की मी आधी कापल्याच्या खुणा शोधल्या.

गावाबाहेर दोन मैलांवर ती घळ. खाली ओढा, वर पूल, आणि वाऱ्यात छत्री उलटी. पुलावर उभी राहून मी पोळीची गुंडाळी खाल्ली. तिचा कागद वाऱ्याने उडाला तेव्हा मी जिवाच्या आकांताने त्याच्यामागे धावले. डोंबिवली पुरवणी, पान ३. घडी करून आतल्या खिशात ठेवली.

परत येऊन टॉफी घ्यायला दुकानात शिरले. भिजलेली, बुटांना चिखल.

"इतक्या पावसात कुठे गेली होतीस, हेन?" काउंटरवरच्या आजींनी विचारलं.

"घळीकडे."

त्यांचा हात टॉफीच्या बरणीतच थांबला. "आणि मूळची कुठली तू?"

मुंबई अगदी ओठांवर आली होती.

"डोंबिवली," मी म्हणाले.