आठ तासांची दुबई

धाराशिवहून मुलाकडे अमेरिकेला गेलेली मंडळी परतली की तिथल्या मुक्कामाबद्दल फारसं बोलत नाहीत; बोलतात ती वाटेतल्या दुबईबद्दल. विमान बदलायला आठ तास मिळाले, तेवढ्यात ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाखाली मान मोडेस्तोवर फोटो काढले आणि दुबई ‘झाली’. चौदा-पंधरा तास विमानात पाय आखडले, तेही कौतुकानंच सांगतात. मुंबईत उतरल्यावर मात्र खरा प्रवास: सीएसएमटी, लातूर एक्स्प्रेस, वेटिंगचं तिकीट, कुर्डुवाडी, बार्शी. तसं धाराशिवला विमानतळ आहे हो! धावपट्टीसुद्धा आहे. प्रवासी विमान तेवढं येत नाही.

याच जिल्ह्यातल्या तेरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवर लादून भडोचला जाई, तिथून जहाजानं रोमन जगात. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘तगर’ म्हणून नोंदच आहे. म्हणजे थांबा तेव्हाही होता. बैलांना सेल्फीची हौस नव्हती, इतकंच. या मंडळींना विचारून बघा, तेरचं लामतुरे संग्रहालय पाहिलंत का?

“ते काय, जवळच आहे. जाऊ की कधीतरी.”