कोणं केलं हे, काका?

आमच्या खानदानात मोबाईलमधलं फक्त मलाच कळतं, ही बातमी कोणी पसरवली हे मला पक्कं ठाऊक आहे. मीच. सुरुवात साधी होती. कुठल्याशा लग्नात आत्याच्या फोनचा आवाज गेला होता, तो मी बाजूचं बटण दाबून परत आणला. तेव्हापासून बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतचे नातेवाईक मला फोन दाखवू लागले आणि मीही नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या थाटात फोन हाती घेऊन आधी नुसतं "हं" म्हणू लागलो. 'हं' म्हटल्यानं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं फोन बंद करून चालू केल्यानं होतं. शेजारच्यांच्या फोनमधला सिमचा ट्रे काढताना मी पिन बाजूच्या भोकात खुपसली आणि ते भोक माइकचं निघालं, अशी एक चर्चा आमच्या गल्लीत आहे. तिच्यात काही तथ्य नाही. त्या गृहस्थांचा आवाज पहिल्यापासूनच बसका आहे.

अकोल्याच्या ताईनं बोलावलं ते या कीर्तीपायीच. "बापू, सिम नवं आणलं, पण थे बसूनच नाही राह्यलं. तू येऊन पाह्य बरं."

ताईचा फोन जुना, मागचं झाकण नखानं उघडणारा. त्याला मधल्या आकाराचं मायक्रो सिम लागतं. दुकानातल्या पोरानं न विचारता, सवयीनं अंगठा दाबून कार्ड पार लहान, नॅनो करून टाकलं होतं आणि सोबत प्लॅस्टिकची काळी चौकट दिली होती. कार्ड चौकटीत, चौकट फोनमध्ये. यात न जमण्यासारखं काय आहे?

मी चष्मा चढवला. गप्प राहून काम करणं मला जमत नाही. तज्ज्ञ गप्प बसला तर तो तज्ज्ञ आहे हे लोकांना कळणार कसं? "ताई, पहिलं सिम निघालं १९९१ मध्ये, जर्मनीत, म्युनिकला. फिनलंडच्या कंपनीसाठी. तेव्हा ते एटीएम कार्डाएवढं होतं. आता पाह्य. १२.३ मिलिमीटर लांब, ८.८ रुंद. जाडी पाऊण मिलिमीटरही नाही."

"म्युनिक राहू दे," ताई म्हणाली. "खाली पाडशीन."

खाली पाडलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. चौकटीत कार्ड ठेवलं आणि चौकट आत सरकवली. अर्ध्या वाटेत कार्ड निसटलं, रिकामी चौकट तेवढी पुढं गेली. मागं ओढली तर येईना. आता फोनच्या पोटातली रचना सांगणं भाग आहे, कारण माझी सगळी बाजू तिच्यावर उभी आहे. त्या खाचेच्या तळाशी सोनेरी रंगाच्या बारीक पट्ट्या असतात, किंचित वर उचललेल्या. कार्ड बसलं की त्या दबतात आणि कार्डाला भिडतात. वरून रिकामी चौकट गेली तर मात्र त्या चौकटीच्या भोकातून डोकं वर काढतात, आणि चौकट मागं ओढली की तिच्या कडेत अडकतात. अशा वेळी माणसापुढं दोनच रस्ते उरतात: थांबणं किंवा इज्जत राखणं. ताईची शेजारीण दारात उभी राहून पाहत होती. मी ओढलं. टक्.

"झालं?" ताईनं विचारलं.

"झालंच समज."

फोननं सिम टाकायला सांगितलं. टाकलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

शेजारीण म्हणाली, गांधी रोडले एक पोरगा हाये, लय बारीक काम करते. पण मी अमरावतीचा. अकोला म्हणजे कापूस, सरकी, डाळमिल आणि मे महिन्यात ४७ अंश. असलं नाजूक काम तिथं करवून घ्यायचं? त्यांच्याकडं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे हे मान्य, पण पंजाबराव मूळचे आमच्या जिल्ह्यातल्या पापळचे. मी फोन खिशात घातला आणि अमरावतीला घेऊन आलो.

राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात पोरानं डोळ्याला भिंग लावलं, फोन उजेडात तिरपा केला आणि मान हलवली. "काका, सिम जॅक गेला. साऱ्या पट्ट्या उपसल्या. कोणं केलं हे?"

"भाच्यानं," मी म्हणालो. भाचा पुण्याला असतो. त्याच्या इभ्रतीला अमरावतीत काही भाव नाही.

"आजकालचे पोट्टे!"

"सांगून उपयोग नाही," मी म्हणालो आणि मनापासून सुस्कारा सोडला.

"या मॉडेलचा जॅक आपल्यापाशी नाही, काका. अकोल्याले मिळते. गांधी रोडले."

म्हणजे परत तोच रस्ता. आता अमरावती-अकोला रस्त्याचा विषय निघाला की मला आवरत नाही, ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल पुढं जावं. हा रस्ता कितीतरी वर्षं असा होता की एसटीत मूर्तिजापूरपर्यंत माणूस बसत असे तो फक्त तिकिटापुरता, बाकी वेळ तो हवेत असे. कंत्राटदार आले, खोदून गेले. रस्ता होईल यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्याकडं भोळा समजला जाई. आणि एकाएकी २०२२ च्या जूनमध्ये या रस्त्यावर गिनीज बुक उतरलं. लोणी ते माना या पट्ट्यात ३ जूनला सकाळी डांबर पडायला लागलं ते ७ जूनपर्यंत थांबलंच नाही. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर, तोही दहा दिवसांत केलेला. मान्याने दोह्याला हरवलं! त्या आठवड्यात मी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन करकरून ही बातमी अशी दिली, की डांबराची घमेली मीच वाहिली असावीत.

एक शंकेखोर सगळीकडं असतोच. तो म्हणाला, लोणी ते माना ७५ किलोमीटर कधीपासून झालं? त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. ७५ ही एका पदराची लांबी, दोन पदर धरले तर रस्ता साडेसदतीस किलोमीटरचा. मला हा हिशेब फार आवडतो. असंच मोजायचं ठरलं तर मी ताईला भेटलोय त्याच्या दुप्पट वेळा भेटलोय. पण एसटीच्या खिडकीतून तो सपाट काळा रस्ता पाहताना थट्टा जरा आटपली. ७२० माणसं तिथं पाळीपाळीनं राबली होती. डोक्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यातलं वऱ्हाडाचं ऊन, पायाखाली वाफाळतं डांबर, आणि रात्रंदिवस काम थांबवायचं नाही. त्यांनी साडेसदतीस किलोमीटर चुकू न देता अंथरले. मला १२ मिलिमीटर सरळ सरकवता आलं नव्हतं.

ताईकडं पोचलो तर घरात गॅस संपलेला. फोन माझ्या खिशात अमरावती पाहत असताना इकडं सिलिंडर दारापर्यंत येऊन परत गेला होता. आणणाऱ्यानं कोड मागितला, आणि कोड येणार त्याच नंबरावर. ताई म्हणाली, मीच नं राजा, वर्षानुवर्षं तूच तर आणतं! तो म्हणाला, बाई, तुम्हाले ओळखतो मी, पण कोड पाह्यजे. त्याचाही दोष नाही.

इथं मला खरोखर राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या सहीनं किती पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले निघाले, त्या सहीवर कोणी कधी शंका घेतली नाही. आता बँक, पेन्शन, आधार, गॅस, सगळीकडं तिला ती स्वतःच आहे हे सिद्ध करावं लागतं, तेही चार-सहा आकड्यांनी, आणि ते आकडे नखाएवढ्या प्लॅस्टिकवर टांगलेले. नंबरावर नव्वद दिवस काहीच हालचाल नसली आणि खात्यात वीस रुपयेही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. समोर जिवंत उभ्या असलेल्या बाईला ओळखायला अशी कुठलीच मुदत लागत नाही, तरी तिचं म्हणणं चालत नाही.

गांधी रोडच्या पोरानं मला काही विचारलं नाही. दुर्बिणीखाली बोर्ड ठेवून फक्त म्हणाला, "पाहा." पाहिलं. दोन पट्ट्या पार आडव्या झोपलेल्या, एक मुळासकट गायब, एक उलटी वळलेली, आणि एकच एक सरळ, ताठ. मी तिच्याकडं फार वेळ पाहू शकलो नाही. त्यानं गरम हवेची नळी फिरवली, चिमट्यानं जुना जॅक उचलला, नवा ठेवला. माझा चहा संपायच्या आत कार्डाच्या मागं पातळ चिकटपट्टी लावून ते चौकटीसकट आत सरकवलं. फोनवर नेटवर्कच्या दांड्या उभ्या राहिल्या. तो अकोल्याचा आहे, हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. ताई नेहमी स्पीकरवरच बोलते. "आई, फोन बंद का होता गं?"

मी सांबारवडीचा तुकडा तोंडात घालत होतो, तो हातातच राहिला. ताईनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"माह्याच हातून पडला बाप्पा. तुह्या मामानं बिचाऱ्यानं दोन गावं पालथी घातली तवा दुरुस्त झाला."

"मामा ग्रेट आहे," भाचा म्हणाला. "त्याला सांग, दिवाळीला येतो तेव्हा माझा टॅब बघून दे म्हणावं."

तर राजेहो, फोनमध्ये रिकामी चौकट घालू नका. कार्डाला चिकटपट्टी लावूनच आत सरकवा, आणि अडकलं तर ओढू नका, तसंच्या तसं दुरुस्तीवाल्याकडं न्या. आणि माझा भाचा कुठं भेटलाच, तर फोन ताईच्या हातून पडला.