चेंज बॉलर

इंदुरात क्लब कोणताही असो, त्यात एक मराठी चेंज बॉलर असतोच. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. दोन्ही फास्ट बॉलर गुडघे धरून उभे असतात, स्पिनरला नुकतेच दोन छक्के बसलेले असतात, तेव्हा कप्तान लाँग लेगकडे तोंड करून ओरडतो, “भिया, तीन ओव्हर काढून दे!” विकेट काढून दे, असं त्याला आजवर कोणी म्हटलेलं नाही.

तो येतो तेव्हा सामना पाच मिनिटं थांबतो. टोपी, घड्याळ, स्कूटरची किल्ली आणि सुपारीची पुडी अंपायरच्या हवाली होते. मग फील्डिंग. “अजून मागे... अजून!” करत डीप मिडविकेटचा पोरगा सायकल स्टँडला टेकतो. एवढं झाल्यावर जो चेंडू पडतो तो ना वेगवान, ना फिरकी. फलंदाजाला मात्र काहीतरी असणारच असं वाटत राहतं, आणि त्या संशयातच तो कधीमधी उडतो. “काय टाकलंस?” विचारलं तर म्हणणार, “सरळच होता. त्याचा विश्वास बसला नाही.”

कारकीर्द मोठी आहे. दर मोसमात नवा क्लब. जुन्या क्लबांच्या टोप्या घरी फडताळात आहेत, त्यातली एक आता भाजी आणायला जाते. रणजीच्या नेटमध्ये त्याने बॉलिंग केलेली आहे. तिथे एका मोठ्या फलंदाजाचा ऑफ स्टंप उडवला होता. तो फलंदाज कोण, हे दर सांगण्यागणिक बदलतं आणि स्टंप दर वेळी थोडा लांब जाऊन पडतो.

इतिहासाकडेही तो लाँग लेगवरूनच बघतो. १९४५ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध होळकर. महूच्या छावणीत नेमणुकीला असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरकडून नाबाद २४९ काढतो, मुश्ताक अली दोन्ही डावांत शतक ठोकतो. इंदूरकराला हे तोंडपाठ. आमच्या भियाला लागून राहिलंय ते मुंबईचं दुसऱ्या डावातलं ७६४. “एवढ्या रनांत कोणीतरी बदली म्हणून राबलाच असेल ना? त्याचं नाव घेता कधी?” मला वाटतं, मुद्दा बिनतोड आहे.

नरेंद्र हिरवाणीच्या मद्रासच्या १६ विकेटांपुढे तो हात जोडतो. पण १९९० मध्ये ओव्हलला हिरवाणीने एकाच टोकाकडून सलग ५९ ओव्हर टाकल्या, याला तो अन्याय म्हणतो. गरिबाच्या पोटावर पाय! नेहरू स्टेडियमवरची श्रीलंकेविरुद्धची १९९७ ची वनडे खराब खेळपट्टीपायी तीन ओव्हरनंतर बंद पडली, गावाची अब्रू गेली. याचा मात्र तो लाडका सामना. तीन ओव्हर म्हणजे नेमका त्याचा स्पेल.

मध्यंतरी अमेरिकेतला पुतण्या आला होता. “काका, तुम्ही बेसबॉलमध्ये हवे होतात. तिथे रिलीफ पिचर असतात. पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की यांना उतरवतात. काही जण तर आयुष्यभर या टीममधून त्या टीममध्ये हिंडत असतात. बसायला बुलपेन म्हणून वेगळी जागा, आणि डगआउटमधून तिथे फोन येतो.”

काकांनी पगाराचं विचारलं नाही.

“फोन येतो?”

“हो.”

“म्हणजे ओरडत नाहीत?”

पुढच्या रविवारी चिमणबागेत लाँग लेगला तो खिशात मोबाइल ठेवून उभा राहिला. कप्तानालाही तसं बजावून ठेवलेलं. एकविसाव्या ओव्हरला फोन वाजला. घरून होता, येताना सेव आणा. तो “लौंगची की रतलामी?” विचारतोय तोवर इकडे कप्तानाने एंगेज लागतोय म्हणून दोनदा प्रयत्न केला, आणि विकेटकीपरला पॅड काढायला सांगितलं.