मा. अर्धा तास यांस अनावृत पत्र

मिरज, रविवार रात्र
(नक्की किती वाजले, तो विषय पुढे येईलच.)

मा. अर्धा तास यांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारी भाच्याने फोनवर आपला हवाला दिला, म्हणून हा पत्रप्रपंच. ‘‘मामा, लॅपटॉपवर लिनक्स टाक. अर्ध्या तासाचं काम आहे.’’ आपण येणार म्हणून मी चहा टाकला, टेबल आवरलं, चष्मा पुसला. पण आपली ओळख काही कालची नाही. सुतार, प्लंबर आणि दवाखान्यातला कंपाउंडर यांच्या तोंडून तुझं नाव जन्मभर ऐकत आलोय. तेव्हा अहो-जाहो पुरे झालं.

लॅपटॉप माझा २०१५चा. मुद्रितशोधनाचं काम, त्याला कितीसं यंत्र लागतं? पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सांभाळ थांबला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, प्रोसेसरही तरुण लागतो. माझं यंत्र ठणठणीत, पण कागदोपत्री मयत. लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी भाच्याने डेबियन सुचवलं. इयन मरडॉकने १९९३ साली सुरू केलेलं, त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, त्यावरून डेबियन. आवृत्त्यांना नावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची. बारावी होती ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकी किडा. माझ्या धंद्याला शोभली असती, पण तोवर तेरावी ‘ट्रिक्सी’ आली होती.

फाइल उतरवली पाऊण जीबीच्या आसपास. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, ‘चढवावी’ लागते, आणि चढवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. तशी सूचना येते. मी लोकांच्या चुका काढून पोट भरतो, पण स्वतःपुढे आलेली सूचना वाचत नाही. त्या पेनड्राइव्हवर आमच्या सोसायटीचा तीन वर्षांचा हिशोब होता.

मग पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करायचं. त्यासाठी एक बटण दाबावं लागतं. कुठलं, ते लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर: एफ२, एफ१२, एस्केप नाहीतर डिलीट. दाबायचं केव्हा, तर कंपनीचं चिन्ह झळकतं त्या सेकंदभरात. मी चारही बटणांवर चार बोटं ठेवून पेटीवाल्यासारखा बसलो. सातव्या खेपेला सूर लागला. अर्धा तासा, इथवर पावणेदोन तास झाले होते आणि तुझा पत्ता नव्हता.

पुढे वायफाय. वायफायच्या चिपला तिच्या कंपनीची एक छोटी फाइल लागते, फर्मवेअर. अशा फायली पूर्वी डेबियनवाले तत्त्वासाठी मुख्य फाइलीबाहेर ठेवत. २०२२ साली त्यांनी चक्क मतदान घेतलं आणि बाराव्या आवृत्तीपासून त्या आत घेतल्या. पण माझ्या चिपच्या कंपनीने वाटायला परवानगीच दिलेली नसल्यामुळे ती फाइल नेटवरून आणायची. थोडक्यात, नेट चालू करायला नेट पाहिजे. शेवटी मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि अडलेली गाडी धक्का मारून सुरू झाली.

मग आली वाटणी. तिला पार्टिशन म्हणतात, आणि आमच्याकडे हा शब्द उच्चारला की तीन पिढ्या गप्प होतात. पाचशे जीबीची जमीन. विंडोज थोरला, त्याने सगळी कसायला घेतलेली. आधी त्याच्याच घरात जाऊन सी ड्राइव्ह आकसायचा, शंभर जीबी मोकळे करायचे. तिथेच ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायचं. नाहीतर थोरला बंद झाल्याचं दाखवतो आणि प्रत्यक्षात डुलकी काढत असतो, मग धाकट्याला त्याच्या आवारात काही लिहिता येत नाही. सगळ्यात नाजूक तो ईएफआयचा तुकडा. जेमतेम शंभर एमबीचा, दोघांचा सामाईक. यंत्र उठलं की दोघेही तिथूनच पाणी भरतात. ती विहीर बुजवली तर दोघेही तहानेले मरणार. मी माउसवर बोट ठेवून तिच्याकडे इतका वेळ बघत बसलो की बायको म्हणाली, ‘‘अहो, वाचताय की नवस बोलताय?’’

शेवटी ‘होय’ दाबलं. घड्याळात ९ वाजून १० मिनिटं. पट्टी सरकू लागली, आणि ९ वाजून ४० मिनिटांनी पडद्यावर आलं की काम पूर्ण झालं.

आलास की रे! मिनिटाला पक्का. म्हणजे भाचा खोटं बोलला नव्हता. फक्त तू एकटा येत नाहीस, आगे-मागे तुझं सगळं गणगोत येतं, हे त्याने सांगितलं नाही.

मागून आलेल्यांपैकी पहिला पासवर्ड. टर्मिनलमध्ये तो टाइप करताना काहीच दिसत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला, म्हणून आणखी जोरात बडवला. तीनदा चुकल्यावर कळलं, शिरस्ताच तसा आहे. मग ‘सुडो’ म्हणून हुकूम सोडला तर उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही. मांडणी करताना ‘रूट’साठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, वेगळा पासवर्ड विचारतात. तो कोरा सोडला की आपल्याला आपसूक अधिकार मिळतात. मी ऐटीत भरला आणि अधिकार गेले. मी बांधलेल्या घरात मीच भाडेकरू, आणि घरमालकही मीच. रूट म्हणून आत शिरलो आणि स्वतःचं नाव स्वतःच यादीत घातलं.

मराठी कीबोर्ड मात्र एका झटक्यात आला, हे कबूल करायला हवं. इनस्क्रिप्ट घे, शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश: ‘ऱ्य’ उमटला. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र नीट बसलेला पाहून मला जे वाटलं ते प्रूफं तपासणाऱ्यालाच कळेल. जुन्या डीटीपी फाँटातल्या फायली मात्र उघडल्यावर रोमन अक्षरांची भेळ झाली. त्यात लिनक्सचा दोष नाही. युनिकोडमध्ये जा, हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो.

या सगळ्यात बायकोचा एकच मुद्दा: ‘‘फुकट आहे ना? मग कुरकुर कसली?’’ फुकट ते पौष्टिक, खरंच आहे. २००७ साली उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची सीडी विनामूल्य घरपोच आली होती, ती मी कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली होती. पण हे नुसतं फुकट नाही, मुक्त आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे बिचारा फोड करून सांगत बसलाय. आपल्याकडे शब्द दोन आहेत, तरी आपल्याला ऐकू येतो तो ‘फुकट’च. आणि दुकानातून आणलेल्या लॅपटॉपला तू लागत नाहीस असं नाही. तिथे तुला कुणीतरी कारखान्यात आधीच खर्ची घातलेलं असतं आणि बिलात ते दिसत नाही. इथे फक्त तू माझ्या घरी, माझ्या चहावर आलास.

आता मुख्य तक्रार. आज सकाळी दहा वाजता थोरला जिवंत आहे का बघायला विंडोज उघडलं. घड्याळ म्हणालं, पहाटेचे साडेचार. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर लावतो, विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजून वाचतो, आणि दोघांच्या मधे आपली भारतीय वेळ उभी. साडेपाच तासांची! पाच समजू शकतो, पण वरचा अर्धा? तो तूच ना? ८२.५ अंश रेखांशाला पंधराने भाग, बाकी तूच उरतोस. ती रेघ जाते मिर्झापूरजवळून. १९०६ सालापासून आम्ही मिरजेत बसून मिर्झापूरची वेळ पाळतोय, आणि संगणकाच्या यादीत तिचं नाव कोलकाता! एका ओळीच्या आज्ञेने घड्याळ दुरुस्त झालं. ती ओळ शोधायला किती वेळ लागला, ते तुला विचारत नाही.

१९९१ साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरव्हाल्ड्सने लिनक्स या आपल्या उद्योगाचं वर्णन नुसता छंद असं केलं होतं. त्यालाही बहुधा कुणीतरी तुझंच नाव सांगितलं असेल.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
एक मुद्रितशोधक

ता. क. – सोसायटीचा हिशोब पासबुकावरून पुन्हा मांडायला घेतलाय. चेअरमनसाहेब दारात उभे राहून विचारत होते, किती वेळ लागेल. तुझंच नाव सांगितलं.