वायरनिष्ठ

प्रत्येक सोसायटीत एक तरी वायरनिष्ठ गृहस्थ असतोच. वायफायवर याचा काडीचा विश्वास नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर विसंबू नये, असं त्याचं ठाम मत. (रोज अर्धा तास देवघरात बसतो, तो भाग वेगळा.) हॉलमधल्या राउटरपासून निघालेली निळी लॅन केबल सोफ्यामागून, पॅसेजमधून, दाराच्या फटीतून त्याच्या टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत पोचते. पाहुण्याला ‘या, बसा’च्या आधी ‘वायर सांभाळा’ ऐकावं लागतं. घरचे त्याला जुनाट म्हणतात. मला वाटतं, तो जुनाट नाही. तो बरोबर आहे, फक्त बरोबर असण्याची त्याची पद्धत असह्य आहे.

वायफायचं काम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं चालतं. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा बोलावं लागतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे जेमतेम तीन, आणि राउटर मात्र घरटी एक. त्यात मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात घुमतो, म्हणजे इकडे दूध तापत असताना तिकडे मीटिंगमधले साहेब तोंड उघडं ठेवून गोठायची शक्यता. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण काँक्रीटची भिंत आडवी आली की त्याचा जीव लवकर जातो. केबलला ही भानगडच नाही. आत तांब्याच्या आठ तारा, पिळलेल्या चार जोड्या; साधी कॅट 5ई केबलसुद्धा 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिटचा वेग देते, आणि तिच्यात शेजारी डोकावत नाहीत.

‘स्पीड टेस्टमध्ये वायफायही झकास दिसतं की!’ असं चिरंजीव म्हणतात. दिसतं, पण तो त्या काही सेकंदांचा आकडा. तासभराच्या मीटिंगला सातत्य लागतं, आणि म्हणूनच ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी हेच चिरंजीव ‘बाबा, जरा तुमची केबल द्या ना’ करत येतात. ‘मग फोनलाही वायर लावणार का?’ हा सुनबाईंचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण फोन घरभर हिंडतो, टेबलावरचा लॅपटॉप हिंडत नाही. उलट तो केबलवर गेला की तेवढी हवा घरातल्या फोनांना मोकळी मिळते. म्हणजे सुनबाईंची मालिका न अडकण्यात सासऱ्यांचाही थोडा वाटा असतो.

त्याचा खरा दोष निराळाच आहे. केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप कधीच तुटलेली असते आणि कनेक्टर सेलोटेपवर तग धरून असतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखादी तार सैल झाली की वेग गुपचूप 100 मेगाबिटवर येऊ शकतो, आणि हा बिचारा कस्टमर केअरला फोन लावून भांडत बसतो. अशा गृहस्थाच्या घरच्यांना एकच विनंती: चेष्टा थांबवा, टोकाला नवा कनेक्टर बसवून घ्या आणि केबल भिंतीकडेने केसिंगपट्टीत घाला.