शॉर्ट हँडल लहानांसाठी नसते

मुलाला क्रिकेटच्या शिबिरात घातलेल्या पालकांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी पुढील सूचना वाचाव्यात. 'एक बॅट द्या' असे म्हणू नये. असे म्हणणाऱ्याला दुकानदार आधी निरखतो, मग बसायला स्टूल देतो आणि मग किंमत ठरवतो.

आधी लाकूड. इंग्लिश विलो महाग, काश्मीर विलो स्वस्त, इथवर बहुतेकांना ठाऊक असते. फसगत होते ती 'पॉप्युलर विलो'पाशी. लोकप्रिय असेल म्हणून पालक हात घालतात आणि घरी आणतात पॉप्लरच्या लाकडाची बॅट. वनस्पतिशास्त्रात पॉप्लर आणि विलो एकाच कुळातले, तेव्हा आडनाव लावायला हरकत नाही. पण या चुलतभावाला सीझन बॉलसमोर उभे करू नये, टेनिस बॉलवरच भागवावे.

मग माप. 'आमचा बारका आहे, शॉर्ट हँडल दाखवा' असे म्हणून पालक आपले अज्ञान जाहीर करतात. शॉर्ट हँडल ही पूर्ण वाढलेल्या माणसाची बॅट. फार उंच फलंदाजांची असते लाँग हँडल. तिच्या मानाने हिची मूठ आखूड, एवढाच काय तो आखूडपणा. बारक्याला 4 किंवा 5 नंबर मागावी. 6 नंबरच्या पुढे हॅरो, आणि हॅरोच्या पुढे शॉर्ट हँडल. 'वाढत्या अंगाची घेऊ' हे तत्त्व गणवेशापुरते ठेवावे.

बॅट सीझन बॉलसाठी असेल तर तिला तेल पाजून मोगरीने ठोकावे लागते. तेल जवसाचे, तेही कच्चे. रंगकामाचे उकळलेले नव्हे. जवस म्हटल्यावर चटणी आठवणाऱ्या वैदर्भीय पालकांनी मन आवरावे.

सीझन बॉलचा कुठल्याही ऋतूशी संबंध जोडू नये. मुंबईची कांगा लीग पावसाळ्यासाठीच प्रसिद्ध, आणि तिथेही हाच चामडी चेंडू. नियमाप्रमाणे तो सुमारे 156 ते 163 ग्रॅम भरतो. टेनिसचा चेंडू साठाच्या आतच. नडगीला हा फरक आकड्यांशिवाय समजतो, म्हणून पॅड आधी घ्यावेत.

राहता राहिले गार्ड. थाय गार्ड, चेस्ट गार्ड, एल्बो गार्ड ही नावे खुशाल मोठ्याने घ्यावीत. नुसते 'गार्ड' म्हणजे मात्र वेगळी वस्तू, आणि ती सर्वांत आवश्यक. 'हे कुठे लावायचं?' असे काउंटरवर विचारू नये. शेजारी हेल्मेट बघत असलेली आठवीतली मुले उत्तर देतात.