घंटी कुणासाठी?

तमिळनाडूत ओरत्तनाडूजवळ कल्लणै कालव्याच्या काठाने निसर्ग बघायला निघालेल्या सायकलवाल्याकडे हेल्मेट, हातमोजे, काळा चष्मा असं सगळं असतं. पायात मात्र चपला. धामण आडवी आली की हे गृहस्थ घंटी वाजवतात. सापाला बाह्यकान नसतो, हे तिने सांगावं तरी कसं?

कालवा 1934चा. त्यावर भात, भातावर उंदीर, उंदरांवर धामण. सगळे कामावर, बिनकामाचा हा सायकलवाला एकटाच! तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी इथे आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावे छत्र, म्हणजे धर्मशाळा बांधली, तीही वाटसरूंसाठी. फोटोसाठी सापाला शेपटीने उचलणारे वाटसरू राजांच्या हिशेबात नसावेत.

धामण बिनविषारी, पण वेटोळं घालून बसलेली घोणस तशी नव्हे. तेव्हा थांबा, लांबूनच बघा, आणि घंटी माणसांसाठी राखून ठेवा.